वळणाच्या आतली आळी

डोंगराच्या पोटाशी वसलेल्या एका गावात एक दवंडीवाला होता. त्याचा आवाज असा खणखणीत, की पारावर उभं राहून त्याने डफावर थाप मारली की नदीपलीकडची गुरंसुद्धा मान वर करून बघत. कुणाची गाय हरवली, कुणाकडे लग्न निघालं, पाटलांनी बैठक कधी बोलावली, सगळं तोच सांगायचा. सांगणं हा त्याचा धंदा होता, आणि खरं बोलायचं तर स्वभावही तोच होता. पोटात एखादी गोष्ट राहिली की त्याला जेवण जात नसे.

एके दिवशी पाटलांनी देवळात भली मोठी घंटा टांगली. एक टोल म्हणजे बैठक, दोन म्हणजे गुरं हरवली, तीन म्हणजे आग लागली. दवंडीवाल्याने ते तीन टोल ऐकले आणि तो पारावरच मटकन खाली बसला. बापजाद्यांपासून चालत आलेला धंदा तीन टोलांत संपला होता, आणि घरी बायकोला सातवा महिना लागलेला होता.

मग दोघांनी एक वळकटी, चार भांडी आणि डफ घेऊन शहराची वाट धरली.

शहर केवढं मोठं म्हणावं! बावन्न आळ्या, सात चौक, आणि चौकाचौकात माणूसच माणूस. काम मिळायला मुळीच वेळ लागला नाही. मोठ्या चौकात एका जाड दगडी भिंतीला टेकून शहरातले दवंडीवाले बसत. त्यांच्या मुकादमाने याचा आवाज ऐकला आणि दुसऱ्या दिवसापासून भिंतीजवळ जागा दिली. पोटाची काळजी मिटली. राहायचं कुठे, ही काळजी मात्र उभीच राहिली. धर्मशाळेचा नियम होता पाच दिवसांचा. सहाव्या दिवशी वळकटी रस्त्यावर, मग वळकटीवर बसणारी बाई सातव्या महिन्याची असो की आणखी कितव्या.

शहरातली सगळी घरं सरकारच्या मालकीची होती. दर वर्षी होळी झाली की सरकारचा पाहणीदार पालखीत बसून प्रत्येक आळीच्या तोंडाशी जायचा. तिथून तो बघायचा, वास घ्यायचा, कान द्यायचा आणि त्या आळीचं भाडं लिहून टाकायचा. त्याच्या जोड्यांना मखमल होती, म्हणून खाली तो कधी उतरत नसे.

पहिल्या दिवशी नवराबायको सराफ आळीत गेली. तिथलं भाडं दवंडीवाल्याने दोनदा विचारलं, कारण त्याला वाटलं की घर विकत घ्यायचा भाव सांगताहेत. दुसऱ्या दिवशी तांबट आळी पाहिली. भाडं बेताचं होतं, पण सकाळपासून जी ठोकाठोक सुरू झाली, ती थांबेना. बायकोने पोटावर हात ठेवला आणि ती हळूच म्हणाली की बाळ प्रत्येक घावाला दचकतंय. तिसऱ्या दिवशी नदीकाठची आळी. मोकळी, हवेशीर आणि चकित व्हावं इतकी स्वस्त. इतकी स्वस्त कशी, असं विचारल्यावर तिथल्या एका भाडेकरूने समजावलं की इथे भाडं आठच महिन्यांचं घेतात, उरलेले चार महिने घरात नदी राहते.

चौथ्या दिवशी दवंडीवाला मोठ्या चौकाच्या मागच्या बाजूला गेला. तिथे राखबोळ नावाचा एक अरुंद बोळ होता. तोंडाशीच गुडघाभर राखेचा ढीग, आणि ढिगापलीकडे दोन म्हातारे एका बोकडावरून काठ्या उगारून उभे. त्याने उपरण्याने नाक दाबलं आणि तिथूनच मागे फिरला. पुढे कितीतरी महिने, घर शोधणारं कुणी चौकात भेटलं की तो आपण होऊन सांगायचा, बाबांनो, सगळीकडे जा, पण त्या बोळाकडे फिरकू नका.

पाचव्या दिवशी दोघं कुजक्या आळीपाशी येऊन ठेपली. नाव तसं रूप. तोंडाशी मासळीची डोकी, नासलेलं ताक आणि ओला पाला यांचा ढीग, त्यावर माश्या घोंगावत होत्या. ढिगाशेजारी दोन बाया एकमेकींच्या झिंज्या धरून असं काही बोलत होत्या, की दवंडीवाल्याला स्वतःचेच कान झाकावेसे वाटले. तो वळलासुद्धा. पण बायको वळली नाही. तिचे ओठ सुकले होते आणि चेहरा पांढरा पडला होता.

"इथलं पाणी पिणार तू?" त्याने विचारलं.

"मला तहान लागलीय. वासाचं नंतर बघू," ती म्हणाली आणि ढिगाला वळसा घालून आत गेली.

नाइलाजाने तोही मागोमाग गेला. आळी थोडी पुढे जाऊन डावीकडे वळत होती. वळण ओलांडलं आणि दवंडीवाला जागच्या जागी थांबला.

समोर सारवलेली अंगणं होती. मधोमध एक आड, त्यावर शेवग्याची सावली. दारोदार मोगऱ्याचे वेल, परसात वांगी आणि दोडके. सगळी दारं उघडी, आणि कुठेच कुणी चढ्या आवाजात बोलत नव्हतं. तेवढ्यात मघाच्या त्या झिंज्या धरणाऱ्या दोघी पदर सावरत मागून आल्या आणि आडाशी बसून एकमेकींच्या केसांच्या गाठी सोडवू लागल्या. एकीने हात धुऊन याच्या बायकोपुढे गूळ आणि पाण्याचा तांब्या ठेवला.

एक उंच, पांढऱ्या केसांची बाई पुढे आली. ती आळीची सुईण होती, आणि तिला सगळे हौसामावशी म्हणत. आळीत तिचा शब्द शेवटचा असे. तिने बायकोचा हात धरून नाडी पाहिली, पोटाकडे पाहिलं आणि मग म्हणाली की तोंडाशी एवढी घाण असूनही जो तहानेने आत येतो, त्याला इथून परत पाठवायची रीत नाही. कोपऱ्यावरचं घर रिकामं आहे, तुम्ही राहा. तिने भाडं सांगितलं. दवंडीवाल्याला वाटलं, दिवसाचं सांगतेय. ते महिन्याचं होतं.

हळूहळू त्याला सगळी व्यवस्था कळली आणि तो थक्क होत गेला. तोंडाशी असलेला तो ढीग म्हणजे आळीचं खत होतं. एरवी तो झाकलेला असे, कुणी अनोळखी दिसला की उघडायचा. आणि भांडणाची चक्क पाळी होती. आज या दोन घरांची, उद्या त्या दोन घरांची. अनोळखी माणूस दिसला किंवा पालखीच्या घुंगरांचा आवाज आला की पाळीवाले धावत तोंडाशी जात, आणि पाहणीदार नाक दाबून, अगदी कमीत कमी आकडा लिहून निघून जाई. चाळीस घरं त्या आकड्यावर जगत होती. कुणी चरखा चालवी, कुणी पत्रावळी लावी, एक आंधळा माणूस बाज विणायचा. हा खोटेपणा होता का? होता थोडासा. पण सरकारला तोंडाने खोटं कुणी सांगितलं नव्हतं. खाली उतरायचा कंटाळा सरकारनेच केला होता.

"अट एकच," हौसामावशी म्हणाली. "वळणाच्या आतलं वळणाबाहेर न्यायचं नाही."

दवंडीवाल्याने डफावर हात ठेवून शपथ घेतली. त्या क्षणी ती अगदी मनापासून घेतली होती.

दिवस चांगले जाऊ लागले. बायको भांडणाच्या पाळीत अशी तरबेज निघाली, की आळीतली पोरं तिचं भांडण ऐकायला वळणाशी येऊन बसत. याला मात्र ते जमेना. तो शिवी द्यायचा तीही दवंडीसारखी, प्रत्येक शब्द सुटा आणि स्वच्छ. शेवटी त्याला ढीग ढवळायचं काम दिलं.

त्रास फक्त चौकात होता. हा कुजक्या आळीत राहतो हे कळल्यापासून दुसरे दवंडीवाले भिंतीशी बसताना त्याच्यापासून हातभर सरकून बसत. मुकादम म्हणायचा, तुझ्या डफालासुद्धा वास येतो रे. दवंडीवाला खाली मान घालून डफाची कातडी चोळत बसायचा. उत्तर त्याच्या जिभेच्या टोकावर असायचं आणि ते गिळताना घशाला कोरड पडायची.

मग बायकोचे दिवस भरले. बाळ आडवं होतं. पहिला दिवस गेला, दुसरा निम्मा गेला. हौसामावशी त्या खोलीतून हलली नाही. आळीतल्या बाया पाळीपाळीने आत जात, बाप्ये पाणी तापवत, आणि तो बाज विणणारा आंधळा माणूस दवंडीवाल्याचा हात हातात घेऊन नुसता बसून राहिला. दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी आतून रडण्याचा आवाज आला. मुलगी झाली होती, आणि बाळ-बाळंतीण दोघी सुखरूप होत्या. दवंडीवाल्याने हौसामावशीचे पाय धरले आणि तो लहान पोरासारखा रडला. पुढचे बारा दिवस त्याच्या घरात चूल पेटली नाही. चाळीस घरांतून काही ना काही येत राहिलं.

बाराव्या दिवशी बारसं झालं. बाळाला आत्या नव्हती, म्हणून हौसामावशीच आत्या झाली. पाळण्यावर वाकून तिने बाळाच्या कानात कुर्रर्र केलं, नाव सांगितलं, आणि बायांनी तिच्या पाठीत हसत हसत धपाटे घातले. मुलीचं नाव सगुणा ठेवलं.

आता दवंडीवाल्यांची एक रीत होती. आपल्या घरी मूल जन्मलं की बापाने त्याचं नाव सात चौकांत पुकारायचं. जगभराच्या पोरांची नावं पुकारायची आणि स्वतःच्या लेकीचं गप्प राहायचं, हे कुठल्याही दवंडीवाल्याला सोसणारं नव्हतं. तो डफ गळ्यात अडकवून निघाला, तेव्हा हौसामावशीने त्याला दारात थांबवलं.

"फक्त नाव," ती म्हणाली.

"फक्त नाव," तो म्हणाला.

सहा चौकांत त्याने शब्द पाळला. नाव पुकारलं, बत्तासे वाटले, पुढे गेला. सातवा चौक म्हणजे मोठा चौक, त्याची स्वतःची भिंत. तिथे त्याने नाव पुकारलं आणि मुकादमाने बत्तासा घेतला, पण तोंडात न टाकता तो कुत्र्यापुढे टाकला. कुजक्या आळीतलं गोड आम्हाला नको, असं म्हणून त्याने विचारलं की लेकीचा पाळणा कुठल्या ढिगावर बांधलाय. भिंतीशी बसलेले सगळे हसले. चौकातली गिऱ्हाइकं हसली.

दवंडीवाल्याचे कान तापले. डोळ्यांपुढे आली हौसामावशी, तो आंधळा माणूस, ती चाळीस घरं. अशा माणसांना हे हसतात? आपण त्यांचं मीठ खाल्लं आणि त्यांची बाजू घ्यायला आपल्याला तोंड नाही? त्याने डफावर अशी थाप मारली की कबुतरं उडाली.

"ऐका हो ऐका. कुजक्या आळीला नावं ठेवणारे सगळे ऐका. वळणाच्या आत जाऊन बघा. आडाचं पाणी शहाळ्यासारखं गोड आहे. अंगणाअंगणात मोगरा आहे. दाराला कडी लावावी लागत नाही. ढीग सोंग आहे आणि भांडणंही सोंग आहेत. माझी लेक या शहरातल्या सगळ्यांत चांगल्या माणसांत जन्मलीय."

मुकादमाचं तोंड उघडंच राहिलं. दवंडीवाल्याची छाती भरून आली. मग गर्दीतून कुणीतरी शांतपणे विचारलं, "भाडं किती तिथलं?"

त्याने तेही सांगितलं.

घरी आला तेव्हा त्याला हलकं हलकं वाटत होतं. कितीतरी दिवसांनी पोटात काही राहिलं नव्हतं. तो पोटभर जेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आळीच्या तोंडाशी गलका झाला. पाळीच्या बाया भांडत होत्या, पण त्यांच्यापुढे पन्नास माणसं उभी राहून कौतुकाने बघत होती. कुणी म्हणालं, सोंग छान वठवता हो. बायांचे हात केसांतच राहिले. माणसं ढिगाला वळसा घालून आत आली, दारं मोजू लागली, आडाचं पाणी पिऊन मान डोलवू लागली. एकाने आंधळ्या माणसाच्या घराची भिंत ठोकून पाहिली आणि तो घरात असतानाच त्याच्यादेखत म्हणाला, ही खोली आपल्याला पुरेल.

आणि मग घुंगरं वाजली. होळीला अजून पाच महिने होते. पालखी तोंडाशी थांबली नाही. भोयांनी ती वळणाच्या आत आणली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मखमली जोडे खाली उतरले. पाहणीदार पाणी प्यायला, त्याने मोगऱ्याचा वास घेतला, शेवग्याखाली उभं राहून गार वारा अंगावर घेतला. रागावला मुळीच नाही. उलट खूश झाला आणि हसत हसत त्याने आकडा लिहिला. भाडं बारापट झालं होतं, आणि तेही आठ दिवसांनंतर लागू.

सरकारी हुकूम दवंडी पिटून सांगायचा असा कायदा होता. पाहणीदाराने इकडेतिकडे पाहिलं. गर्दीत एकाच्याच गळ्यात डफ होता.

"तू सांग," त्याने कागद पुढे केला.

दवंडीवाल्याने कागद हातात घेतला. चाळीस घरं दारात येऊन उभी होती. त्याने थाप मारली आणि तोंड उघडलं, तर आवाज निघेना. पाहणीदाराने भुवई वर केली. दुसऱ्यांदा थाप मारली. नदीपलीकडच्या गुरांना ऐकू जाणारा तो आवाज त्या दिवशी समोरच्या अंगणापर्यंत कसाबसा पोचला. पण पोचला. ज्या माणसाने दोन दिवस त्याचा हात धरला होता, त्याला बिचाऱ्याला कागद दिसत नव्हता. त्याने तो आकडा याच्याच तोंडून ऐकला.

पालखी गेल्यावर हौसामावशी त्याच्यापुढे येऊन उभी राहिली.

"चौकात तू सांगितलंस?"

"मी उपकार मानत होतो, मावशी. ते तुम्हाला हसत होते. मी तुमचे गुण गात होतो."

"आम्हाला ते हसतच होते. त्यांच्या हसण्यावरच आमची घरं उभी होती." हौसामावशीचा आवाज जराही चढला नाही. "उपकार आमच्या कानात मानले असतेस तर पुरे होतं. चौकात मानलेस ते आमच्यासाठी नव्हते, बाबा. तुला हसले ते तुला सोसलं नाही."

दवंडीवाल्याला वाटलं की कुणीतरी शिव्या द्याव्यात, डफ फोडावा, दगड मारावा. भांडणात तरबेज असलेली ती आळी, पण त्या दिवशी खरोखर भांडायची वेळ आली तेव्हा कुणी चकार शब्द काढला नाही. सगळे मुकाट्याने भांडी बांधायला लागले.

आठ दिवसांत आळी रिकामी झाली. कोण कुठे चाललं हे त्याला कुणी सांगितलं नाही, आणि विचारायला त्याचीही जीभ रेटेना. शेवटी हौसामावशी निघाली. जाताना ती याच्या बायकोजवळ थांबली, वाकली आणि तिच्या कानात काहीतरी बोलली. मग याच्याकडे न बघता निघून गेली.

"काय म्हणाली?" त्याने विचारलं.

"आपल्याला जागा आहे म्हणाली. कुठे ते मला ठाऊक आहे." बायकोने सगुणाला झोळीत नीट ठेवलं. "पण तुम्हाला सांगायचं नाही, असं ठरलंय."

लग्नाला सहा वर्षं झाली होती, आणि बायकोला ठाऊक असलेली गोष्ट त्याला ठाऊक नाही असं कधी झालं नव्हतं. तिने त्याच्या डोक्यावरचं पागोटं काढलं, त्याचा एक फेरा फाडला आणि त्याच्या डोळ्यांवर घट्ट बांधला. मग त्याचा हात धरून ती चालू लागली. गल्ल्या आल्या, उतार आले, एक पूल आला, परत एकदा पूल आला. किती चालवलं कुणास ठाऊक. पट्टी सुटली तेव्हा तो एका छोट्या अंगणात उभा होता. अंगण सारवलेलं होतं. तुळशीशेजारी आंधळा माणूस बाज विणत होता.

त्या दिवसापासून रोजचा तोच शिरस्ता झाला. सकाळी बायको त्याचे डोळे बांधून त्याला फिरवत फिरवत नदीच्या घाटावर सोडायची. तिथून तो चौकात जायचा. चौक उठला की घाटावर परत यायचा, आणि डोळे बांधून घरी. चौकात ही गंमत पसरायला वेळ लागला नाही. कुठे राहतोस रे, असं मुकादम रोज सगळ्यांदेखत विचारायचा. दवंडीवाला म्हणायचा, "ठाऊक नाही." भिंतीजवळ बसलेले पोट धरून हसायचे. शहराला सगळ्यांचे पत्ते सांगणाऱ्याला स्वतःचा पत्ता माहीत नाही. तो हसू द्यायचा. आता ते हसणं गिळताना घशाला कोरड पडत नव्हती.

कुजक्या आळीचं नाव दरम्यान मोगरा आळी झालं. ढीग गेला, खत गेलं, आणि वर्षाच्या आत मोगराही गेला. आड उपसायची पाळी कुणाची, यावर नव्या भाडेकरूंची खरीखुरी भांडणं लागली आणि पाण्यावर हिरवी साय धरली. बारापट भाडं देऊन तिथे राहायला कुणी तयार होईना. पाहणीदाराने दवंडीवाल्यालाच बोलावून सात चौकांत पुकारायला लावलं की मोगरा आळीत घरं रिकामी आहेत. त्याने पुकारलं. एकही माणूस पुढे आला नाही.

मग एका संध्याकाळी, घाटावरून परत येताना, वाऱ्याची जोराची झुळूक आली आणि पट्टीची गाठ सुटली. कापड नाकावर घसरलं. बायकोच्या कडेवर सगुणा होती, तिचं लक्ष नव्हतं. दोन पावलं चालला असता तर रस्ता दिसला असता, खूण पटली असती. वर्षभर रोज रात्रीच्या जेवणाला तो हाच विचार चघळत होता, की आपण शहराच्या कुठल्या टोकाला राहतो. त्याने डोळे गच्च मिटले. तसाच उभा राहिला आणि चाचपडत आपल्याच हाताने गाठ बांधली, पहिल्यापेक्षा घट्ट.

बायको मागे वळली होती. तिने ते पाहिलं. त्या संध्याकाळी तिने त्याला नेहमीसारखं फिरवून आणलं नाही. थोडंसंच चालून ती थांबली. कुणाचे तरी हात त्याच्या डोक्यामागे आले आणि पट्टी सुटली. समोर हौसामावशी होती.

दवंडीवाल्याने आजूबाजूला पाहिलं. पायाशी गुडघाभर राखेचा ढीग होता. ढिगापलीकडे दोन म्हातारे, एक बोकड, दोन काठ्या. म्हाताऱ्यांनी त्याला पाहून काठ्या खाली ठेवल्या आणि ते बोकडाला पाला घालू लागले. हा राखबोळ होता. इथून तो नाक दाबून मागे फिरला होता. या बोळाकडे फिरकू नका, असं तो वर्षभर माणसांना सांगत होता. अशा आळ्या एकमेकींना आधीपासून ओळखून असतात, आणि कुजकी आळी उठली तेव्हा राखबोळाच्या घराघराने एकेक बिऱ्हाड आत घेतलं होतं.

"आमचं नाव वाईट ठेवायला तुझी फार मदत झाली," हौसामावशी म्हणाली. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं.

मग ती त्याला वळणाच्या आत, त्याच्याच घरात घेऊन गेली आणि मागची जाड दगडी भिंत दाखवली. तिथे सगुणाचा पाळणा टांगलेला होता.

"या भिंतीच्या पलीकडे काय आहे, सांग."

त्याने भिंतीला हात लावला. पलीकडे चौक उठल्यावरही कुणीतरी मागे रेंगाळलं होतं; डफ गुंडाळत असल्याचा आवाज आला, मग मुकादमाचं खोकणं. ही तीच भिंत होती. वर्षभर रोज तो जिला टेकून बसला होता ती.

"चौक उठला की तू यायचास आणि भरायच्या आत जायचास, म्हणून तुला कळलं नाही," हौसामावशी म्हणाली. "आम्हाला मात्र तुझा आवाज दिवसभर ऐकू येतो. मुकादम रोज विचारायचा आणि आम्ही इथे कान लावून उभे असायचो. तुझी लेक त्या आवाजावर झोपते."

वर्षभराचा एकेक शब्द या चाळीस घरांनी ऐकला होता. एक शब्द इकडचा तिकडे झाला असता तर. त्याने बोलायला तोंड उघडलं, मग मिटलं. तो हौसामावशीच्या कानाशी वाकला आणि तिथे काहीतरी म्हणाला. काय म्हणाला ते शेजारी उभ्या असलेल्या बायकोलाही ऐकू आलं नाही. हौसामावशीने डोळ्यांना पदर लावला.

दुसऱ्या दिवशी भर बाजारात एक जोडपं दवंडीवाल्यापाशी आलं. नवऱ्याच्या डोक्यावर वळकटी होती, बायकोचे ओठ सुकले होते. त्या मागच्या बोळाबद्दल त्यांनी विचारलं. दवंडीवाल्याने नाक दाबलं आणि सगळ्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की तिथे घाण आहे, भांडणं आहेत, चुकूनही जाऊ नका. भिंतीजवळचे सगळे हसले आणि आपापल्या कामाला लागले.

मग त्याने डफ बाजूला ठेवला, त्या बाईच्या हातावर बत्तासा ठेवला आणि नवऱ्याच्या कानाशी वाकून हळूच म्हणाला, "तिला तहान लागलीय. आत जाऊन पाणी मागून बघ."

तात्पर्य एवढंच: ज्यांनी आपल्याला आसरा दिला त्यांचे उपकार त्यांच्या कानात मानावेत. चौकात मानलेल्या उपकारांत आपलीच बढाई मिसळते, आणि तिची किंमत त्यांना मोजावी लागते.